कोर्लईची तरुणाई, गाणे आणि श्रद्धा

रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंडा खाडीच्या मुखाशी कोर्लई हे गाव आहे. येथील कॅथलिक समाज मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल सोडले, तरी पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफातून घडलेली बोली येथील घरांत टिकून राहिली. ग्रामस्थ तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. तिच्यात गाणीही आहेत.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत मराठी आली, शाळाही मराठीच. आता मोबाइलमधील गाण्यांची त्यात भर पडली आहे. अशा तीन भाषाविश्वांत वाढणाऱ्या किशोरांना श्रद्धेचे शब्द कोणत्या सुरात भेटावेत, हा खरा प्रश्न आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तपुराण' ओवी छंदात रचले, कारण लोकांच्या कानांना तोच छंद परिचित होता. पोप फ्रान्सिस यांनीही 'ख्रिस्तुस विवित' (२०१९) या पत्रात संगीताला तरुणांचे नित्याचे वातावरण म्हटले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झालेले कार्लो अकुतिस यांनी पवित्र मिस्साशी निगडित चमत्कारांची माहिती संकेतस्थळावर मांडली. २००६ साली ते निवर्तले तेव्हा अवघे १५ वर्षांचे होते.

लोकप्रिय कला म्हणजे मुलांना चर्चकडे ओढण्याचे आमिष नव्हे. ती त्यांची बोली आहे. म्हणून युवा प्रेषितकार्याने आधी त्यांचे गाणे ऐकावे. कोर्लईत त्याची सुरुवात आजीच्या गाण्यापासूनही होऊ शकेल.