मिड-लेंथ सर्फबोर्ड : एग, ट्विन की पिनटेल?

वर्ध्याहून गोव्याला सर्फिंगसाठी जाताय? मग बोर्डच्या रंगाआधी त्याचा आकार बघा. साधारण साडेसहा ते 8 फुटांच्या बोर्डला 'मिड-लेंथ' म्हणतात. त्यात हे तीन आकार नेहमी दिसतात.

एग : दोन्ही टोकं गोलसर, मधे रुंद. लहान, संथ लाटही सहज पकडतो आणि तोल सांभाळतो.

ट्विन : बोर्डखाली दोन फिन, म्हणजे छोटे पंख. चटकन वळतो, पण मोठ्या, उभ्या लाटेवर मागून घसरू शकतो.

पिनटेल : शेपटी निमुळती. मोठ्या लाटेवर पकड चांगली, लहान लाटेवर सुस्त.

पावसाळा सरल्यावर गोव्यातल्या लाटा बहुतेक वेळा लहान असतात. म्हणून पहिला मिड-लेंथ एगच घ्या. अगदीच नवखे असाल, तर आधी 8-9 फुटांचा फोमचा बोर्ड भाड्याने घेऊन शिका. विकत घेताना बोर्डवरचा लिटरचा आकडा वाचा. तुमच्या वजनाच्या मानाने तो कमी असेल, तर बोर्ड तुम्हाला नीट तरंगवणार नाही.

आणि धाम नदीत पोहता येतं म्हणजे समुद्र जमेलच असं नाही. बोर्डची दोरी घोट्याला बांधा, पावसाळ्यात पाण्यात उतरू नका.