अँग्लिकन श्रद्धा आणि ख्रिस्तैक्य : कार्डिनल वॉल्टर कास्पर यांचे चिंतन

दर दहा वर्षांच्या सुमारास जगभरातील अँग्लिकन बिशप 'लॅम्बेथ परिषदे'साठी एकत्र येतात. २००८ साली कँटरबरी येथे ही परिषद भरली, तेव्हा ख्रिस्तैक्य संवर्धनासाठी असलेल्या व्हॅटिकन मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष कार्डिनल वॉल्टर कास्पर यांनी ३० जुलै रोजी तेथे आपले चिंतन मांडले. जर्मनीतील रोटेनबर्ग-स्टुटगार्टचे माजी बिशप असलेले कार्डिनल कास्पर हे मान्यवर ईशज्ञानपंडित आहेत. त्यांचे हे भाषण स्नेहाचे होते. तितकेच ते स्पष्टही होते.

आपल्यात समान काय आहे?

अँग्लिकन बंधुभगिनी पवित्र बायबल, प्रेषितांचा व निकेयाचा विश्वासांगीकार, स्नानसंस्कार व प्रभुभोजन आणि परंपरेने चालत आलेले बिशपपद हे आपल्या श्रद्धेचे आधार मानतात. १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने ही चार तत्त्वे स्वीकारली. रोमपासून विभक्त झालेल्या ज्या समुदायांत कॅथलिक परंपरा व रचना अंशतः टिकून आहेत, त्यांत अँग्लिकन समुदायाला विशेष स्थान आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली नमूद केले. मार्च १९६६ मध्ये पोप सहावे पॉल व कँटरबरीचे आर्चबिशप मायकल रॅम्झी यांनी रोममध्ये संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. पोपमहोदयांनी आपली अंगठी आर्चबिशपांच्या बोटात घातली, तो हाच प्रसंग. १९७० पासून दोन्ही बाजूंच्या संयुक्त आयोगाने मिस्साबलिदान, गुरुपद, अधिकार आणि २००५ साली पवित्र मरिया या विषयांवर निवेदने प्रसिद्ध केली.

बिशपपद हाच कळीचा मुद्दा

मग अडचण कोठे आहे? पोप तेरावे लिओ यांनी १८९६ साली अँग्लिकन गुरुदीक्षा अवैध असल्याचा निर्णय दिला होता. पुढील संवादामुळे या प्रश्नाचा नव्या संदर्भात विचार होऊ शकेल, अशी आशा निर्माण झाली. परंतु काही अँग्लिकन प्रांतांनी स्त्रियांना गुरुदीक्षा व बिशपपद देण्यास प्रारंभ केला आणि ही वाट अवघड झाली.

कार्डिनल कास्पर यांनी जून २००६ मध्ये इंग्लंडच्या अँग्लिकन बिशपांपुढे हीच चिंता व्यक्त केली होती. संत सिप्रियन यांच्या शिकवणुकीचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, बिशपपद एकच असून प्रत्येक बिशप त्यात सहभागी असतो. म्हणून बिशप हा केवळ आपल्या धर्मप्रांताचा प्रशासक नसतो, तर तो सर्व ख्रिस्तसभांच्या ऐक्याचा दुवा असतो. ज्या पदाने जोडायचे, त्याच पदाविषयी मतभेद झाले, तर ऐक्य कशाच्या बळावर उभे राहणार? म्हणूनच २००८ साली त्यांनी स्पष्ट केले की, अशा निर्णयांमुळे अँग्लिकन गुरुदीक्षेला मान्यता मिळण्याची शक्यता खुंटते आणि पूर्ण, दृश्य ऐक्याचे ध्येय दूर जाते.

तथापि त्यांनी संवादाचे दार बंद केले नाही. अँग्लिकन समुदाय दुभंगू नये, ही त्यांची उत्कट इच्छा होती. एकोणिसाव्या शतकातील ऑक्सफर्ड चळवळीसारखी एखादी नवी चळवळ अँग्लिकन घरातच उभी राहावी आणि त्या घरातील प्राचीन ठेवा पुन्हा उजेडात यावा, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. त्याच चळवळीतून १८४५ साली कॅथलिक झालेले संत जॉन हेन्री न्यूमन यांना २०२५ साली ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित करण्यात आले.

त्यानंतरची वाटचाल

नोव्हेंबर २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत येऊ इच्छिणाऱ्या अँग्लिकन समूहांसाठी, त्यांच्या उपासनेचा वारसा जपणारी स्वतंत्र व्यवस्था निर्माण केली. इंग्लंडमध्ये २०१५ साली पहिल्या महिला बिशपचा दीक्षाविधी झाला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी प्रथमच एका महिलेची, सारा मलाली यांची निवड जाहीर झाली. त्याच महिन्यात पोप चौदावे लिओ आणि राजे तिसरे चार्ल्स यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये एकत्र प्रार्थना केली. मतभेद कायम असूनही प्रार्थना थांबलेली नाही, हे यावरून दिसून येते.

आपल्यासाठी बोध

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या विलीनीकरणातून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली; अँग्लिकन मंडळी त्यांपैकी एक होती. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल हा त्याच परंपरेचा वारसा आहे. त्या मंडळीतील शेजारी, सहकारी वा सोयरे आपल्यापैकी अनेकांना असतील. पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा स्नानसंस्कार आपण मान्य करतो. म्हणून त्यांच्यापैकी कोणी कॅथलिक झाल्यास तो पुन्हा दिला जात नाही. त्यांच्याशी विवाह करताना मात्र बिशपांची अनुमती आवश्यक असते. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारण्याइतके ऐक्य अद्याप साधलेले नाही. ही वेदना लपवू नये आणि तिची सवयही होऊ देऊ नये.

सत्याला मुरड घालून मिळवलेले ऐक्य टिकत नाही आणि प्रीतीवाचून सांगितलेले सत्य कोणाला जवळ आणत नाही. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या ख्रिस्तैक्य प्रार्थना सप्ताहात शेजारच्या मंडळीतील बंधुभगिनींसह प्रार्थनेला बसणे, ही आपल्या प्रत्येक धर्मग्रामाला सहज शक्य असलेली सुरुवात आहे. 'ते सर्व एक व्हावेत' ही प्रभू येशूची प्रार्थना आपल्यासाठीही होती.