गहुलीचे सुधाकरराव आणि १० मे

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली नावाचे बंजारा वस्तीचे लहानसे गाव आहे. या गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले आणि सरकारी दिनदर्शिकेला दोन दिवस. वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस, १ जुलै, हा कृषी दिन. त्यांचे पुतणे सुधाकरराव यांचा स्मृतिदिन, १० मे, हा जलसंधारण दिन. काकांच्या दिवशी शिवारात पेरणीची लगबग असते. पुतण्याच्या दिवशी विहिरींनी तळ गाठलेला असतो.

सुधाकररावांचा जन्म १९३४ चा. राजकारणाची सुरुवात गावच्या सरपंचपदापासून झाली आणि पुढे ते यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले. राज्यात जिल्हा परिषदा आल्या त्या १९६२ मध्ये, वसंतरावांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशींवरून. काकांनी आखलेल्या चौकटीत पुतण्या घडला. गावाला पाणी कुठून येते आणि कुठे निघून जाते, हे त्याने मंत्रालयात जाण्याआधीच पाहिले होते.

पुसदला धरणे नवी नव्हती. पूस नदीवर धरण आहे, पैनगंगेवर इसापूर आहे. पण धरणाचे पाणी कालव्याने खाली जाते. डोंगरउतारावरच्या तांड्याला त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत, तेही थांबले तर. एरवी पावसाळी ओढा माती घेऊन पळतो आणि दिवाळीनंतर नाला कोरडा.

१९७२ च्या दुष्काळात हाताला काम म्हणून असंख्य पाझर तलाव आणि बांध झाले. त्यातून एक धडा मिळाला. वरच्या उतारावर काहीच न करता खाली तलाव खणला, तर दर पावसाळ्यात वरची माती त्यात येऊन बसते. म्हणून काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत हवे: वर सलग समतल चर आणि झाडे, मध्ये दगडी बांध, खाली माती नाला बांध आणि सिमेंट बंधारे. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे आणि राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी हे करून दाखवले होते.

सुधाकररावांनी या विचाराला सरकारात जागा दिली. जून १९९१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९९२ मध्ये राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग उभा राहिला. तोवर बांधबंदिस्ती कृषी खात्याकडे, लहान तलाव पाटबंधाऱ्याकडे, झाडे आणखी तिसऱ्याकडे, अशी वाटणी होती. एकाच नाल्यावर तीन खाती, तिन्हींचे आराखडे वेगळे! ही कामे पाणलोटाच्या हिशेबाने एका छताखाली आणणे हाच नव्या विभागाचा हेतू होता. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर पोचली, ती त्यांच्याच नावाशी जोडली गेली.

त्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द जेमतेम वीस महिन्यांची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर त्यांना पद सोडावे लागले, आणि त्या दंगलींची सावली त्यांच्या नावावर राहिली. पुढे ते हिमाचल प्रदेशाचे राज्यपाल झाले, वाशीममधून लोकसभेवरही गेले. १० मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

खाते मात्र टिकले. सत्तेत कोणीही असो, पाणलोटाचे काम कोणी टाकून दिले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आलेले जलयुक्त शिवार अभियान त्याच वाटेवरचे. सुधाकररावांनी बांधलेली ही खरी वास्तू.

पण बंधारा बांधताना नारळ फुटतो, गाळ काढताना फुटत नाही. निधी नव्या कामाला मिळतो, जुन्याच्या डागडुजीला हात आखडतो. कित्येक कोल्हापुरी बंधारे आज उभे आहेत, पण पाणी अडवणाऱ्या त्यांच्या फळ्या, म्हणजे बर्गे, गायब आहेत. पाणी अडणार कशाने? १० मे नंतर मोसमी पाऊस यायला साधारण महिना उरतो. त्या दिवशी तसबिरीला हार घातल्यावर ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या बांध-बंधाऱ्यांची यादी घेऊन शिवारफेरी काढावी, आणि गाळ, गळती, बर्गे यांची कामे पावसाआधी उरकावीत.