कमी उंचीवरची अवजड विमाने : बी-५२ विमानाचा अनुभव

शीतयुद्धाच्या आरंभी बॉम्बफेकी विमानाची सुरक्षितता त्याच्या उंचीवर अवलंबून आहे, असे मानले जाई. अमेरिकेचे आठ इंजिनांचे बी-५२ विमान १९५५मध्ये हवाई दलात दाखल झाले, ते मुख्यतः उंचावरून हल्ला करण्यासाठी. पण १ मे १९६० रोजी त्याहूनही उंच उडणारे यू-२ हे हेरगिरी विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले. रडारच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराआडून जमिनीलगत येणारे विमान उशिरा दिसते. म्हणून ही अवजड विमाने काहीशे फुटांवरून नेण्याच्या सरावावर भर दिला गेला.

या बदलाची किंमत विमानांच्या सांगाड्याने मोजली. जमिनीजवळची हवा दाट आणि खळबळती असते. तिच्या सततच्या हिसक्यांनी धातूला बारीक तडे जातात. ब्रिटनच्या व्हॅलियंट विमानांच्या पंखांत १९६४मध्ये असे तडे सापडले आणि १९६५मध्ये ती सेवेतून काढावी लागली. १० जानेवारी १९६४ रोजी अशाच ताणांच्या चाचणीवर असलेल्या एका बी-५२च्या शेपटीचा उभा भाग डोंगरांवरील हवेने तोडून नेला. वैमानिकांनी ते विमान कसेबसे सुखरूप उतरवले.

किमान उंची, वेग आणि वळणातील कल यांच्या मर्यादांमागे साधे कारण आहे. विमान जास्त कलले की त्याला वर धरून ठेवणारा जोर कमी पडतो. उंचावर सावरायला वेळ मिळतो, जमिनीलगत मिळत नाही.

मात्र नियम लिहिले म्हणजे ते पाळले जातातच असे नाही. १९९४मध्ये फेअरचाइल्ड तळावरील एका अनुभवी वैमानिकाने ५०० फुटांची मर्यादा असताना डोंगरकडा सुमारे ३० फुटांवरून ओलांडला. स्क्वाड्रनप्रमुखाने त्याचे उड्डाण थांबवण्याची मागणी केली, पण वरिष्ठांनी तोंडी समज देऊन विषय मिटवला. तेव्हा आपली माणसे धोक्यात येऊ नयेत म्हणून तो प्रमुख स्वतःच त्याच्यासोबत सहवैमानिक म्हणून बसू लागला. २४ जून रोजी हवाई कसरतींच्या सरावात सुमारे २५० फुटांवर घेतलेल्या तीव्र वळणात विमान ९० अंशांहून अधिक कलले आणि कोसळले. त्या प्रमुखासह चौघे ठार झाले.

१९६४चे अपघात यंत्राची मर्यादा दाखवतात, तर १९९४चा अपघात संस्थेची. ज्येष्ठ आणि कुशल माणसाला नियमातून सूट मिळते, तेव्हा तिची किंमत त्याच्यासोबत बसलेल्यांनाही मोजावी लागते.