रोव्हर्स चषक आणि बंगळूर

बंगळूरचे नाव निघाले की मराठी मनाला प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते. परंतु ह्या शहराच्या फुटबॉलचे मूळ शोधावयाचे, तर जुन्या पेठेतून बाहेर पडून छावणीकडे वळावे लागते. श्रीरंगपट्टणची हवा गोऱ्या शिपायांना मानवेना, म्हणून १८०९ साली इंग्रजांनी आपले ठाणे बंगळूरला वसविले. पुण्यात जसे शहर वेगळे आणि लष्कर वेगळे, तशीच येथेही दोन गावे शेजारी शेजारी वाढली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्यास परत मिळाले. छावणी मात्र १९४७ पर्यंत इंग्रजांच्याच हाती राहिली. भोवतालच्या वस्त्यांनी फुटबॉल उचलला, तो ह्या छावणीतील पलटणींचा खेळ पाहून.

ह्या खेळातील पलटणींची सत्ता पाहावयाची, तर मुंबईच्या रोव्हर्स चषकाचा इतिहास पाहावा. १८९१ साली तो प्रथम वुस्टरशायर पलटणीने जिंकला. पुढे पहिल्या महायुद्धाने स्पर्धेत खंड पडला, पण विजेत्यांच्या यादीतील पलटणींची परंपरा काही खंडली नाही. कलकत्त्यात १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून आय. एफ. ए. शील्ड मिळविली होती. तोच संघ १९२३ मध्ये रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून चार विरुद्ध एक असा पराभूत होऊन परतला.

ही परंपरा १९३७ साली मोडली, ती बंगळूर मुस्लिम्स ह्या संघाने. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग उभा होता. १९३४ पासून ओळीने कलकत्ता लीग जिंकणाऱ्या ह्या बलाढ्य संघाला बंगळूरकरांनी एकमेव गोलाने नमविले. रोव्हर्स चषक प्रथमच हिंदी संघाच्या हाती आला.

तो काळ संघांना धर्माचे नाव देण्याचा होता. मुंबईचे चौरंगी क्रिकेट सामने पंचरंगी झाले, तेही १९३७ सालीच. मात्र ह्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना मुस्लिम संघच होते. तेव्हा त्या विजयाचा अर्थ धर्मात शोधण्यात हशील नाही. तो शोधावयाचा पलटण आणि नागरिक ह्यांच्या नात्यात.

तरीही एक शंका उरत होती. अंतिम सामन्यात पलटण नव्हतीच. मग पलटणींवर मात झाली असे कसे म्हणावे? ह्याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. १९३८ च्या अंतिम सामन्यात आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण उतरली, आणि बंगळूर मुस्लिम्सने तिला तीन विरुद्ध दोन गोलांनी हरविले. पहिला विजय योगायोगाचा नव्हता, हे ह्या दुसऱ्या विजयाने सिद्ध केले.

१९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात आपल्या पराभवाची परतफेड केली. बंगळूर मुस्लिम्सने तिसऱ्यांदा चषक जिंकला तो १९४८ मध्ये, मोहन बागानला हरवून. तोवर गोऱ्या पलटणी मायदेशी परतल्या होत्या. त्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघातून बंगळूरचा अहमद खान खेळला. छावणीने दिलेला खेळ छावणीच्या मागे राहिला, आणि तो गावाचा झाला.