डब्लिनचे सेंट केव्हिन चर्च आणि त्याची जुनी दफनभूमी

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे कॅम्डन रो नावाच्या लहानशा रस्त्यालगत एका जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. इमारतीला छप्पर नाही. दगडी भिंती बऱ्याच अंशी टिकून आहेत. खिडक्यांच्या कमानी मात्र रिकाम्या आहेत. भोवतालच्या जागेत हिरवळ, झाडे आणि बसण्यासाठी बाके असून परिसरातील रहिवासी दुपारच्या विश्रांतीसाठी तेथे येतात. सीमाभिंतीला टेकवून ओळीने ठेवलेल्या थडग्यांच्या शिळांकडे लक्ष गेल्यावरच ही जागा एके काळी दफनभूमी होती, हे ध्यानात येते.

हे सेंट केव्हिन यांच्या नावाचे जुने चर्च होय. आकाराने किंवा शिल्पकलेच्या दृष्टीने ते डब्लिनमधील मोठ्या वास्तूंमध्ये गणले जात नाही. थोड्याच अंतरावर असलेल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलकडे पर्यटकांची जितकी रीघ असते, तितकी येथे नसते. तरीही आयर्लंडच्या राजकीय इतिहासात या दफनभूमीला वेगळे स्थान आहे. आपल्या मृताच्या थडग्यापाशी प्रार्थना म्हणण्याचा अधिकार देशातील बहुसंख्य कॅथलिक समाजाला आहे की नाही, या प्रश्नावर १८२३ मध्ये याच जागेवरून मोठा वाद उभा राहिला होता.

डोंगरातील साधूचे नाव

ज्यांच्या नावाने हे चर्च ओळखले जाते ते केव्हिन हे सहाव्या शतकातील आयरिश साधू. डब्लिनच्या दक्षिणेस विक्लो पर्वतरांगांमध्ये दोन तळ्यांच्या काठी असलेल्या ग्लेंडालॉक या मठाचे ते संस्थापक मानले जातात. परंपरेनुसार त्यांचे निधन इ. स. ६१८ मध्ये झाले. हात पसरून प्रार्थना करीत असताना त्यांच्या तळहातावर एका पक्षिणीने घरटे बांधले आणि पिले उडून जाईपर्यंत केव्हिन यांनी हात हलविला नाही, अशी कथा सांगितली जाते. अंगावर वारूळ चढेपर्यंत तप करणाऱ्या वाल्मीकींची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ती अनोळखी वाटू नये.

डब्लिनमधील त्यांच्या नावाचे चर्च मध्ययुगीन शहराच्या तटबंदीबाहेर, दक्षिणेस होते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून त्याचे उल्लेख आढळतात. हा भाग त्या काळी डब्लिनच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होता. सध्या दिसणारे अवशेष मात्र इतके जुने नाहीत. ते साधारणतः अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या इमारतीचे आहेत.

एका आर्चबिशपांचे दफन

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि राजसत्तेला मान्य असलेला प्रॉटेस्टंट पंथ आयर्लंडमध्येही अधिकृत ठरविला. जुनी चर्चे आणि त्यांच्या दफनभूमी या अधिकृत पंथाकडे गेल्या. बहुसंख्य आयरिश जनता मात्र कॅथलिकच राहिली. पुढील तीन शतकांतील संघर्षाचे मूळ या विसंगतीत आहे.

या संघर्षातील एक बळी सेंट केव्हिनच्या भूमीत विसावला आहे. कॅशेलचे कॅथलिक आर्चबिशप डर्मट ओ'हर्ली यांनी युरोपातील विद्यापीठांत कायद्याचे अध्यापन केले होते. १५८१ मध्ये पोपनी त्यांची नेमणूक केली आणि १५८३ मध्ये ते गुप्तपणे आयर्लंडला परतले. अटकेनंतर डब्लिन किल्ल्यात त्यांचा अमानुष छळ करण्यात आला. त्यांचे पाय उकळत्या तेलाने भाजण्यात आले. तरीही त्यांनी राणी पहिली एलिझाबेथ यांचे धर्मविषयक सर्वोच्चत्व मान्य केले नाही. नेहमीच्या न्यायालयात आरोप टिकणे अवघड दिसल्याने लष्करी कायद्याचा आधार घेण्यात आला आणि जून १५८४ मध्ये शहराबाहेर त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे दफन सेंट केव्हिनच्या दफनभूमीत झाले. पुढे भाविक त्यांच्या दर्शनासाठी येथे येऊ लागले. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सोळा अन्य आयरिश हुतात्म्यांसह त्यांना धन्य घोषित केले.

चर्च प्रॉटेस्टंटांचे आणि दफनभूमीत ओढ कॅथलिकांची, ही स्थिती पुढेही कायम राहिली. १६९७ च्या कायद्याने कॅथलिक बिशप व मठवासी धर्मगुरूंना देशाबाहेर घालविण्यात आले; त्याच कायद्याने बंद पडलेल्या जुन्या मठांच्या आवारात मृतांना पुरण्यासही मनाई केली. कॅथलिकांना स्वतःची दफनभूमी नव्हती. त्यामुळे आपले मृत प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात, तेथील शुल्क भरून पुरणे भाग पडे. थडग्यापाशी धर्मविधी उघडपणे करता येत नसल्याने धर्मगुरू घरीच माती मंत्रून देत आणि ती शवपेटीत ठेवली जाई.

या आवारातील थडग्यांवरूनही ही सरमिसळ दिसते. कठोर निर्बंधांच्या काळात डब्लिनमध्ये कॅथलिक मुलांसाठी शाळा चालविणारे जेझुइट धर्मगुरू जॉन ऑस्टिन यांचे स्मारक येथे आहे. जवळच्याच ऑन्जर स्ट्रीटवर जन्मलेले कवी टॉमस मूर यांच्या आईवडिलांना येथेच पुरण्यात आले. औरंगजेबाच्या कन्येचा दिल्लीहून काश्मीरकडे होणारा प्रवास कल्पून मूर यांनी १८१७ मध्ये 'लल्ला रूख' हे काव्य प्रसिद्ध केले. त्यांनी स्वतः हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता.

सप्टेंबर १८२३

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थडग्यापाशी हळू आवाजात चार प्रार्थना म्हणण्याकडे प्रॉटेस्टंट अधिकारी सहसा काणाडोळा करीत. कायद्यापेक्षा शेजारधर्म मोठा, अशी ती व्यवस्था होती. १८२२ मध्ये विल्यम मगी हे डब्लिनचे प्रॉटेस्टंट आर्चबिशप झाले आणि अशी सवलत संपुष्टात येऊ लागली.

सप्टेंबर १८२३ मध्ये आर्थर डार्सी या कॅथलिक नागरिकाचे पार्थिव सेंट केव्हिनच्या दफनभूमीत आणण्यात आले. सोबत ज्येष्ठ धर्मगुरू डॉ. मायकेल ब्लेक होते. दफनानंतर ते प्रार्थना म्हणू लागणार तोच दफनभूमीची देखरेख करणारा चर्चचा सेवक पुढे आला आणि वरून आलेल्या आदेशानुसार येथे प्रार्थना करता येणार नाही, असे त्याने सांगितले. जमलेल्या लोकांत संताप पसरला. डॉ. ब्लेक यांनी मात्र वाद वाढविला नाही.

घटना काही मिनिटांचीच होती. हाणामारी झाली नाही, कोणाला अटकही झाली नाही. परंतु मताधिकार, संसदेतील जागा किंवा सरकारी पदे हे प्रश्न सामान्य माणसाला दूरचे वाटत असत. आईवडिलांच्या थडग्यावर प्रार्थना म्हणू न देणे हा अपमान प्रत्येक घराला कळणारा होता. वृत्तपत्रांतून निषेध होऊ लागला आणि प्रकरण डॅनियल ओ'कॉनेल यांच्याकडे गेले.

ओ'कॉनेल हे नामांकित वकील. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 'कॅथलिक असोसिएशन' ही संघटना स्थापन केली होती. मृतासाठी दफनभूमीत प्रार्थना करण्यास मनाई करणारा कोणताही कायदा अस्तित्वात नाही, असा लेखी अभिप्राय त्यांनी दिला. कायद्याची बाजू मांडून ते थांबले नाहीत. कोणत्याही पंथाच्या माणसाला आपल्या पद्धतीने निरोप देता येईल, अशी स्वतंत्र दफनभूमी हवी, या मागणीचा त्यांनी पाठपुरावा सुरू केला.

वेलस्ली बंधू आणि कॅथलिकांचा प्रश्न

या काळात आयर्लंडचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात परिचित आहे. १८२१ च्या अखेरीपासून १८२८ पर्यंत ब्रिटिश राजाचे आयर्लंडमधील प्रतिनिधी म्हणून मार्क्विस रिचर्ड वेलस्ली काम पाहत होते. तैनाती फौजेचे धोरण राबविणारे आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून वसईचा तह करून घेणारे गव्हर्नर जनरल ते हेच. हिंदुस्थानात साम्राज्यविस्तार करणारे वेलस्ली आयर्लंडमध्ये मात्र कॅथलिकांना सवलती देण्याच्या बाजूचे होते. १८२५ मध्ये त्यांनी एका अमेरिकन कॅथलिक महिलेशी विवाह केला तेव्हा डब्लिनमधील कट्टर प्रॉटेस्टंट मंडळी बरीच अस्वस्थ झाली.

त्यांच्या कारकिर्दीत, १८२४ मध्ये, दफनविधीसंबंधीचा नवा कायदा संमत झाला. १६९७ ची दफनबंदी त्याने उठविली आणि अन्य पंथांच्या धर्मगुरूंना चर्चच्या आवारात विधी करण्याची मुभा दिली. मात्र त्यासाठी स्थानिक प्रॉटेस्टंट धर्मगुरूंची परवानगी घेणे बंधनकारक ठरविले. ज्या गोष्टीला कायद्याचा अडसरच नव्हता, असे ओ'कॉनेल यांचे म्हणणे होते, त्या गोष्टीसाठी आता अर्ज करावा लागणार होता. कॅथलिकांचे समाधान झाले नाही, यात नवल नाही.

त्याच वर्षी कॅथलिक असोसिएशनने महिना एक पेनी वर्गणीची योजना सुरू केली. गरीब शेतकरीही ही वर्गणी देऊ शकत असल्याने संघटना खेडोपाडी पोहोचली. जुलै १८२८ मध्ये क्लेअर येथील पोटनिवडणूक ओ'कॉनेल यांनी जिंकली. परंतु कॅथलिकांना अमान्य असलेली शपथ घेतल्याशिवाय त्यांना संसदेत बसता येत नव्हते. यादवीची शक्यता दिसू लागल्याने ब्रिटिश सरकारला माघार घ्यावी लागली. १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक मुक्ती कायद्याला राजाची संमती मिळाली.

हा कायदा संमत करून घेणारे पंतप्रधान होते ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजेच रिचर्ड यांचे धाकटे बंधू आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव करणारे, आणि त्यानंतर अडगाव व गाविलगड येथे विजय मिळविणारे सेनापती ते हेच. त्यांचा जन्म १७६९ मध्ये डब्लिन येथे झाला आणि त्यांचा बाप्तिस्मा सेंट केव्हिन चर्चमध्ये झाला, असे परंपरेने सांगितले जाते. ज्या पाषाणपात्रातील पाण्याने हा विधी झाला असे मानतात, ते पात्र पुढे डंड्रम येथील टेनी चर्चमध्ये नेण्यात आले. वेलिंग्टन हे मूळचे कॅथलिक मुक्तीचे समर्थक नव्हते. तथापि या कायद्यावरून झालेल्या आरोपांमुळे मार्च १८२९ मध्ये त्यांनी लॉर्ड विंचिल्सी यांच्याशी पिस्तुलांचे द्वंद्वही केले. कोणालाही इजा झाली नाही.

नव्या दफनभूमी

स्वतंत्र दफनभूमीची कल्पना याच सुमारास प्रत्यक्षात आली. १८२९ मध्ये डब्लिनच्या पश्चिमेस गोल्डनब्रिज येथे पहिली दफनभूमी सुरू झाली. ती लहान होती. फेब्रुवारी १८३२ मध्ये ग्लासनेव्हिन येथे मोठी दफनभूमी खुली झाली आणि मायकेल केरी या अकरा वर्षांच्या मुलाचे पहिले दफन तेथे झाले. सर्व पंथांच्या मृतांना तेथे जागा होती. आजवर तेथे दहा लाखांहून अधिक लोकांचे दफन झाले आहे. १८४७ मध्ये निधन पावलेल्या ओ'कॉनेल यांचे अवशेषही तेथील उंच गोल मनोऱ्याच्या तळघरात आहेत.

ग्लासनेव्हिनभोवती उंच भिंती आणि टेहळणीचे बुरूज बांधण्यात आले, त्याचे कारण निराळे होते. वैद्यकीय विद्यालयांना विच्छेदनासाठी प्रेते हवी असत आणि ताजी थडगी उकरून ती पुरविणाऱ्या टोळ्या डब्लिनमध्ये वावरत होत्या. सेंट केव्हिनची दफनभूमीही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. सेंट स्टीफन्स ग्रीनवरील शल्यचिकित्सकांचे महाविद्यालय येथून काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

चर्च बंद, दफनभूमी उद्यान

१८७१ च्या आरंभी आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट चर्चचा राजमान्य दर्जा संपुष्टात आला. पुढच्याच वर्षी जवळच्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर केव्हिन यांच्याच नावाचे भव्य कॅथलिक चर्च सुरू झाले. जुन्या चर्चचा उपासकवर्ग मात्र घटत गेला आणि १९१२ मध्ये ते बंद करण्यात आले. त्यानंतर छप्पर गेले, भिंती उरल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर प्रशासनाने दफनभूमीचे सार्वजनिक उद्यानात रूपांतर केले. हिरवळ सलग करण्यासाठी बहुतेक शिळा मूळ जागेवरून उचलून भिंतींलगत ठेवण्यात आल्या. काही थडगी तेवढी जागच्या जागी राहिली. या व्यवस्थेमुळे दाट वस्तीच्या भागाला मोकळी जागा मिळाली आणि शिळाही वाचल्या. परंतु शिळेवरील नाव आणि जमिनीखालचा माणूस यांचा मेळ तुटला. ज्यांच्या दफनावरून एवढा वाद झाला, त्यांच्या भूमीवर आता कोण कोठे आहे हे सांगणे बहुतांशी अशक्य झाले आहे. शिळांवरील अक्षरेही पावसाने झिजत चालली आहेत.

'सेंट केव्हिन्स पार्क' या नावाने हे उद्यान ओळखले जाते. कॅम्डन रो येथील लोखंडी फाटकातून आत गेल्यावर चर्चच्या भिंती समोरच दिसतात.