शेणाशिवाय गोबरगॅस

लोणावळ्यात बंगल्याच्या गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी तुम्ही पाहिलीच असेल. तशाच दोन टाक्यांनी पुण्यात एक जुना समज मोडला.

घाणीतून गॅस काढणं आपल्याकडे नवं नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार होत होता. पुढे खादी आयोगाने गोबरगॅस गावोगाव नेला आणि गॅस म्हणजे शेण, हे समीकरण पक्कं झालं. मग ज्यांच्या दारात गुरं नाहीत, त्यांचं काय?

२००३मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी उलटा विचार केला. शेण म्हणजे गाईने खाऊन उरलेलं. मग जिवाणूंना थेट अन्नच का देऊ नये? एका टाकीत दुसरी उपडी बसवली. सुरुवातीला शेणाचं विरजण, नंतर रोज शिळा भात, पोळी, खराब फळं. गॅस साठला की वरची टाकी वर येते. शेणाला सुमारे ४० दिवस लागतात, तर पिष्टमय अन्नाला एक दिवस पुरतो, असं कर्वे सांगत. गॅस शेगडीला, उरलेलं पाणी बागेला. २००६मध्ये त्यांच्या ‘आरती’ संस्थेला या संयंत्रासाठी ॲशडेन पुरस्कार मिळाला.

रविवारी संध्याकाळी पर्यटक घाटातून परततात. खरकटं मावळातच राहतं.